पेशींचं आसंजन आणि एक 'अनिवेश'

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: 'सेल अ‍ॅडहेजन'ला पेशींचं 'चिकटणं' म्हणावं की 'आसंजन'? आणि 'कायनेज'ला मराठी काय?

कायनेजचं आधी उरकतो. "शेवटी 'एज' आलं की ते तोडणारं विकर (एन्झाइम)" असं म्हापशापासून मडगावपर्यंतच्या शिकवण्यांत बिनदिक्कत सांगतात, ऐकून कान किटले. तोडतात ती प्रथिनं तोडणारी प्रोटीएज, मेद तोडणारी लायपेज. कायनेज एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट उचलून प्रथिनावर किंवा दुसऱ्या रेणूवर बसवतं. ग्रीक 'किनेइन' म्हणजे हलवणं, सिनेमाही त्याच कुळातला. म्हणून कुणी 'गतिविकर' सुचवतो. कशाला? मुलांना हलणारं काहीच दिसणार नाही. कायनेजच म्हणा.

आता चिकटणं. हा शब्द ऐकला की पेशी निपचित पडून आहे असं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. पेशीच्या अंगावरची इंटेग्रिनं, म्हणजे धरणारी प्रथिनं, बाहेरच्या जाळ्यातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला धरतात, तेव्हा आत फोकल अ‍ॅडहेजन कायनेज जागं होतं. तिकडे ईजीएफसारखा वृद्धिघटक, म्हणजे पेशीला वाढ म्हणणारं प्रथिन, आपल्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतो आणि रास या प्रथिनामार्फत राफ, मेक, ईआरके ही कायनेजांची रांग हलते. दोन्ही सांगावे एकत्र आले तर ईआरके तासन्‌तास चालू राहतं, विभाजनाला चालना देणारं सायक्लिन डी१ हे प्रथिन तयार होतं, पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. तीच फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतली पेशी) द्रवात तरंगत ठेवून नुसता वृद्धिघटक ओता: संदेश क्षणभर उमटतो नि मावळतो. कालवाचं पोर खडकाला टेकल्याशिवाय कालव होत नाही, तसंच. कर्करोगाच्या पेशी मात्र मऊ अगारमध्ये (शेवाळापासूनच्या जेलीत), धरायला काही नसतानाही वाढतात.

आणि सुटलेल्या पेशीचं पुढे काय? आतड्याच्या किंवा त्वचेच्या अस्तरातल्या पेशी आधार सुटला की स्वतःच मरतात. या मरणाला फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी १९९४ मध्ये नाव दिलं 'अनॉइकिस'. यात 'अन्' म्हणजे नसणं आणि 'ओइकोस' म्हणजे घर, इकॉनॉमी नि इकॉलॉजीतलंच. या ओइकोसचं संस्कृतातलं सख्खं भावंड 'विश्', ज्यावरून प्रवेश, निवेश, वैश्य. म्हणून माझा शब्द 'अनिवेश'. पंडित नाकं मुरडतील, म्हणतील निवेश म्हणजे गुंतवणूक. ती हिंदीत! संस्कृतात निवेश म्हणजे मुक्काम, वसतिस्थान. 'आधारविरहजन्य पेशीमृत्यू' असली आगगाडी जोडणाऱ्यांनी मला शब्द शिकवू नयेत. 'अनिवेश' तीन-चार अक्षरांत ग्रीकाचा अर्थही देतो आणि नातंही.

हो, बाईंचा प्रश्न राहिलाच. 'आसंजन' लिहा. धातू सञ्ज्, त्यातूनच संग, प्रसंग, आसक्ती. धरून राहण्यात पेशीचाही हात आहे हे त्यात येतं. काचेला लागलेल्या पाण्यालाही भौतिकशास्त्रवाले हाच शब्द लावतात, त्याला इलाज नाही. तेव्हा जोडून 'पेशी-आसंजन' लिहा, म्हणजे झालं.