साधनेत खंड पडला की स्वतःचाच राग येतो. स्वतःला दोष न देता शिस्त कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की पहाटे ५ वाजता उठून आसनं, प्राणायाम आणि ध्यान असा नेम धरता. आठ-दहा दिवस जमतं, मग एक दिवस चुकतो, आणि स्वतःची इतकी चीड येते की पुढे पंधरा दिवस मॅटकडे बघवत नाही. हे मला नवीन नाही. मीही यातूनच गेलेय.

एके काळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर साधना झाली की हिरवी टिकली लावायचे आणि चुकली की लाल फुली मारायचे. सलग ४१ टिकल्या झाल्या. ४२व्या दिवशी गजर बंद करून पुन्हा झोपले. ती एकच फुली मला इतकी झोंबली की पुढचे तीन आठवडे मी सरळ बसलेच नाही. शेवटी शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "झोपेनं तुझा एक दिवस नेला. बाकीचे वीस कुणी नेले?"

कुणी नेले ते मला ठाऊक होतं. "तुझ्याच्यानं काही होणार नाही" असं मी रोज सकाळी स्वतःला सुनावत होते, आणि ते सुनावणं हीच जणू साधना झाली होती.

माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. एखाद्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत जमलं नाही, तर रात्री अंथरूण घालताना म्हणायची, "आज हरिपाठ राहिला गं." बस, एवढंच. "मी चुकवला" नाही, "मी आळशी" तर नाहीच. हरिपाठ राहिला, जसं दळण राहतं. आणि दुसऱ्या संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा सुरू. चाळीसेक वर्षांचा तिचा नेम या "राहिला"वर टिकला होता, असं मला आता वाटतं.

पण इथे थोडं थांबून सांगते. "स्वतःवर प्रेम करा" छापाचे सल्ले मला फारसे मानवत नाहीत. त्यातून लाडच जास्त होतात. राहिलं तर का राहिलं, हे बघायलाच हवं. म्हणून कॅलेंडर काढून मी एक साधी वही केली. साधना राहिली की एक ओळ लिहायची, कारणासकट, पण विशेषण न लावता. "राहिलं. रात्री जेवायला १० वाजले." अशी. "पुन्हा माती खाल्ली" असलं काही नाही.

महिन्याभरात ९ दिवस राहिले होते. त्यातले ६ रात्रीच्या उशिरा जेवणाचे, २ प्रवासाचे, आणि निव्वळ आळसाचा फक्त १! इतके महिने मी पहाटेच्या मीला झोडपत होते आणि गुन्हेगार रात्रीचं ताट होतं. मुलगी क्लासहून उशिरा येते म्हणून आम्ही सगळे थांबायचो. आता मी साडेसातला जेवून घेते आणि ती आली की तिच्यासमोर नुसती गप्पा मारत बसते. पहाटेसाठी वेगळी मनगटशाही करावी लागली नाही.

तुम्ही पतंजलींचा उल्लेख केलाय म्हणून सांगते. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, साधनेतले ९ अडथळे दिलेत. त्यात व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे. तुमच्या तक्रारीलाही तिथे नाव आहे: अनवस्थितत्व, म्हणजे गाठलेल्या पायरीवर टिकता न येणं. आळस आणि आजारपण एकाच यादीत! ताप आला म्हणून आपण स्वतःला नालायक म्हणत नाही, औषध घेतो.

त्याच पादात अभ्यास पक्का कशानं होतो तेही आहे: दीर्घकाल, नैरंतर्य (म्हणजे खंड न पडू देणं) आणि सत्कार. पहिल्या दोन गोष्टींची आपण धास्ती घेतो आणि तिसरी विसरतो, कारण मराठीत सत्कार म्हटलं की शाल-श्रीफळच आठवतं. इथे अर्थ आहे आदरानं, मनापासून करणं. स्वतःवर डाफरत केलेल्या प्राणायामात हा सत्कार कुठून यायचा?

आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, अर्जुन मनाच्या चंचलपणाचं गाऱ्हाणं मांडतो तेव्हा त्याला मिळालेलं उत्तर तर मला फारच आवडतं. या मनाची एक गोष्ट चांगली आहे, की जिथे गोडी दिसेल तिथे ते सोकावतं; म्हणून त्याला कौतुकानं ते सुख दाखवत जावं. आपण "सोकावणं" फक्त वाईट खोडीसाठी वापरतो. इथे मनाला ध्यानासाठी सोकवायचंय!

ते मी असं केलं. सुरुवात नेहमी आवडत्या आसनानं करते, माझ्यासाठी ते सुप्तबद्धकोनासन: उताणं पडून तळपाय एकमेकांना जोडायचे आणि गुडघे बाजूला सोडायचे, पाठीखाली लोड घेऊन. ध्यानातून अजून थोडं बसावंसं वाटत असतानाच उठते. शिवाय कमीत कमी नेम ठरवून ठेवलाय: सतरंजी पसरायची, बसायचं, ३ ओंकार. अंग दुखत असेल तर पडल्या पडल्या पाच मिनिटं नुसता श्वास बघायचा. तेवढं झालं तरी वहीत "झालं" लिहिते. तुम्हीही पहाटे ५चा हट्ट महिनाभर बाजूला ठेवून एवढंच करून बघा, मग वेळ वाढवा. हा राग साधनेपुरता नसून दिवसभर प्रत्येकच गोष्टीत येत असेल, तर मात्र समुपदेशकाशी बोला, एकट्यानं झुंजू नका.

हे लिहिता लिहिता रात्रीचे पावणेबारा झालेत. उद्या वहीत कुठली ओळ पडणार, ते मला आत्ताच दिसतंय.