विमानाच्या पंखाखाली पाट कसला हवा?

प्रश्न : काका, मी आणि माझी आठवीतली मुलगी मिळून बाल्साचा, म्हणजे त्या अगदी हलक्या लाकडाचा, ग्लायडर करायला घेतलाय. पंखांची एकूण लांबी १२०० मिमी. नकाशासोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ आहे, ‘सपाट बिल्डिंग बोर्ड घ्या’. सुतार म्हणतो १८ मिमीचा प्लाय घ्या, हार्डवेअरवाला एमडीएफच्या मागे लागलाय आणि आमच्या शाळेत सॉफ्टबोर्डचा एक जुना सूचनाफलक पडून आहे. यातलं काय घेऊ? की जेवणाच्या टेबलावरच भागेल?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, टेबलावर भागत नाही. एक तर आठवडाभर जेवायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि दुसरं म्हणजे सनमायकात टाचणी जात नाही.

बोर्डाचं एवढं कौतुक कशासाठी, ते आधी सांगतो. पंखाचा सांगाडा बोर्डावर टाचून चिकटवतात, त्यामुळे बोर्डाला पीळ असला तर तो जसाच्या तसा पंखात उतरतो. तुमच्या पंखाची रुंदी १५० मिमीच्या आसपास असेल. टोकाशी मागची कड नुसती २ मिमी वर-खाली झाली तरी कोनात पाऊण अंशाचा फरक पडतो. एका पंखाला एक कोन आणि दुसऱ्याला दुसरा असला, की हातातून सुटलेलं विमान एका अंगाला कलतं आणि घिरट्या घालत जमिनीवर येतं. मग मुलगी म्हणणार, आई तू वाकडं फेकलंस, आणि तुम्ही म्हणणार वारा होता. (काही नकाशांत टोकाची मागची कड २-३ मिमी मुद्दाम उचलायला सांगितलेली असते, म्हणजे वेग कमी झाल्यावर टोक आधी दगा देत नाही. पण ते दोन्ही पंखांना सारखं करायचं असतं.)

आता तुमचे तीन सल्लागार. मी उभा जन्म कोल्हापुरात फौंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात काढला, त्यामुळे लाकडाच्या बाबतीत माझी जीभ जरा तिखट आहे, सांभाळून घ्या. प्लायचं मोठं शीट बरं असतं, पण त्यातून दीड फुटाची पट्टी कापून घेतली की पुष्कळदा ती पिळवटते. शिवाय त्यात टाचणी हातोडीशिवाय शिरत नाही. एमडीएफ दुकानात आरशासारखा सपाट दिसतो, यात वाद नाही. पण त्यातही टाचणी अंगठ्याने जात नाही, चार बाय दोन फुटांचा १८ मिमीचा तुकडा जवळपास दहा किलो भरतो, आणि चिपळूणच्या पावसात उघडी कड पाणी प्यायली की फुगते ती फुगतेच. सॉफ्टबोर्डात टाचणी सुरेख बसते, पण त्याला स्वतःचा कणा नाही. भिंतीला टेकवून ठेवला तरी वाकतो.

म्हणून दोन कामं दोघांना वाटून द्या. खाली सरळ राहणारं काहीतरी आणि वर टाचणी धरणारं काहीतरी.

खाली फ्लश डोअर घ्या. होय, दरवाजाच. साधारण ३० मिमी जाडीचा, बाथरूमसाठी येतो तसा अरुंद. दोन्ही अंगांना सारखीच कातडी असल्यामुळे हवा दमट झाली काय आणि कोरडी झाली काय, दोन्ही बाजू सारख्याच ओढतात आणि दरवाजा जागेवर राहतो. एकाच बाजूला सनमायका मारलेली फळी मात्र एका बाजूने भाजलेल्या पापडासारखी वळते, ती कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. कोपरा तुटलेला किंवा रंग चुकलेला दरवाजा दुकानदार स्वस्तात काढून टाकतो, तसा विचारा. आतून पोकळ असेल तर कापू नका, कडेची चौकट गेली की तो ढिला पडतो. भरीव असेल तर चार फुटांवर कापून मिळेल. तुमचा एकेक पंख ६०० मिमीचा, त्यामुळे चार फुटांत पंख मावून शेजारी धडाची बाजूही टाचता येते.

दुकानातच पीळ बघायचा. ॲल्युमिनियमच्या एल अँगलचे दीड-दीड फुटाचे दोन सारखे तुकडे बरोबर न्या. दरवाजा आडवा ठेवायला सांगा, एक तुकडा या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला आडवा उभा करा. खाली बसा, एक डोळा मिटा आणि जवळच्या तुकड्याच्या वरच्या कडेवरून लांबचा बघा. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसल्या तर पीळ नाही. लांबचा तुकडा एका बाजूला डोकावत असेल तर दुसरा दरवाजा मागा. मालक वैतागतो, वैतागू दे. त्यानंतर गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात ती पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवून खालून उजेड येतो का बघा, म्हणजे पोट किंवा खळगा कळतो. पाणसळीची गरज नाही. बोर्ड एका बाजूला उतरता असला तरी विमानाला काही फरक पडत नाही.

वर १२ मिमीचा सॉफ्टबोर्ड, कापड न लावलेला. शाळेतला फलक मागा, पण त्याचं कापड काढून टाका आणि वर्षानुवर्षांच्या टाचण्यांनी मधला भाग भुसभुशीत झाला असेल तर उलटा करा. तो फेव्हिकॉलने दरवाजाला चिकटवू नका. फेव्हिकॉलमधलं पाणी बोर्डाची एकच बाजू भिजवतं आणि बोर्ड उचलला जातो. नुसता ठेवा, चार कोपऱ्यांत चार स्क्रू पुरे. झिजला की बदलता येतो, हा त्यातला खरा फायदा.

टाचणीबद्दल एवढंच, की ३ मिमीच्या पट्टीच्या मधोमध टाचणी घुसवली तर ती चिरते. पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक टाचणी तिरकी मारायची, अशी की वर त्यांची कात्री होऊन पट्टी खाली दाबली जाईल. आठवीतल्या मुलीची बोटं या कामाला आपल्यापेक्षा चांगली चालतात.

आणि घाई नको. पांढरा गोंद पाण्याचा असतो, बाल्सा ते पाणी पितो आणि सुकताना हलतो. पंख रात्रभर टाचलेला राहू द्या, जून ते सप्टेंबर दोन रात्री. लवकर सोडवलेला पंख सपाटातल्या सपाट बोर्डावर केला तरी पिळतो. पुढे पंखावर टिश्यू लावून पाण्याचा फवारा माराल, तेव्हा कागद आवळतो आणि सांगाड्याला ओढतो. त्या वेळी पंख पुन्हा बोर्डावर आणायचा, खाली सारख्या जाडीचे लाकडाचे तुकडे ठेवायचे म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि तो सुकेपर्यंत वरून टाचून ठेवायचा. सांगाडा नीट करून इथे पंख घालवणारे पुष्कळ आहेत.

काम नसेल तेव्हा बोर्ड पलंगाखाली आडवा ठेवा, खाली दोन पट्ट्या देऊन. उभा टेकवायचा नाही.

प्रश्न : माझ्या नकाशावर फक्त उजवा पंख छापलाय. डावा कसा करायचा? झेरॉक्सवाला म्हणाला उलटी प्रत काढून देतो.
— नाशिक

उत्तर : झेरॉक्सची प्रत लांबीत किंचित कमी-जास्त होऊ शकते, आणि मग दोन पंख दोन लांबीचे होतात. काढलीच तर मुळाशेजारी ठेवून पट्टीने मोजा. त्यापेक्षा जुना उपाय करा. उजवा पंख पूर्ण झाला की कापसाच्या बोळ्याने नकाशाला खोबरेल तेल चोळा, जास्तीचं पुसून घ्या. कागद पारदर्शक होतो आणि उलटा केला की डावा पंख समोर दिसतो. मात्र त्यावर पुस्तकाला घालतो तसलं प्लॅस्टिकचं कव्हर ताणून टाचायला विसरू नका. तेल लागलेल्या बाल्साला गोंद धरत नाही. एरवीही कव्हर हवंच, नाहीतर पंख सोडवताना नकाशा त्याला चिकटून वर येतो.

प्रश्न : टाचण्यांऐवजी चुंबक वापरतात असं वाचलं. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट उत्तम सपाट आहे. त्यावर स्टीलचा पत्रा टाकला तर?
— इचलकरंजी

उत्तर : टाका, कल्पना चांगली आहे, पण स्वयंपाकघराच्या मालकिणीची परवानगी काढा. चुंबकाची पद्धत लेझरने कापलेल्या किटला छान जमते, कारण तुकडे आधीच काटकोनात बसतात आणि त्यांना नुसता आधार हवा असतो. बारीक पट्टीला बाक देऊन धरायची असेल तर मला अजून टाचणीच बरी वाटते.

पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका. भांड्यांसाठी वापरतात त्यातल्या ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. साधा लोखंडी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, दीड मिमीचा, कातरताना कड वळलेली नसावी. पातळ पत्रा स्वतः सपाट नसतो, तो खालच्या ग्रॅनाइटवर विसंबून असतो, त्यामुळे मध्ये ढबढब वाजतो का ते बोटाने वाजवून बघा. गंजू नये म्हणून तेलाऐवजी मेण चोळा. तेलाचं कारण वर नाशिककरांना सांगितलंच आहे.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलवर राहतो आणि कोरोशीटची (पोकळ नळ्यांच्या प्लॅस्टिक शीटची) रिमोटवरची विमानं करतो. मलाही बोर्ड लागेल का?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : नाही. तुझा पंख शीटमधून कापून दुमडलेला, तो टाचायचा कुठे? चांगली कटिंग मॅट आणि दोन फुटी स्टीलची पट्टी घे. फक्त मधला जोड चिकटवताना आणि आत कांब बसवताना पंख सपाट ओट्यावर ठेवून वर पुस्तकं रच. तुझ्याकडे जाड पुस्तकांचा तुटवडा नसावा.