कपाटातलं वायरींचं जंगल आणि तुमचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात आपण लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल बोललो होतो, त्यामुळे या महिन्यात बॅटरीचे प्रश्न येतील असं वाटलं होतं, पण निम्म्याहून जास्त पत्रं वायरींची निघाली. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत सगळ्यांकडे तोच गुंता दिसतोय. मी अठरा वर्षं याच पट्ट्यात नेटवर्कचं काम करतोय आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा घेतो, रागावू नका.

प्रश्न : नौपाड्यात आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे, चौदा जण बसतो. रिसेप्शनच्या मागच्या कपाटात २४ पोर्टचा स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र जोडतात ती २४ खाचांची पेटी, आहे आणि त्यातून एवढ्या वायरी लोंबतायत की कपाटाचं दारच लागत नाही. ज्याने वायरिंग केलं तो आता फोन उचलत नाही. कुठली वायर कुठे जाते कुणालाच माहीत नाही, हात लावायची भीती वाटते. सगळं उखडून नवीन करायचं का?

नाही, उखडू नका. भिंतीतली केबल बहुतेक वेळा ठणठणीत असते, घोळ असतो तो कपाटातल्या शेवटच्या दीड-दोन मीटरचा. तेवढं लावलं की ऐंशी टक्के त्रास संपतो, हे मी अनुभवाने सांगतोय.

पहिलं काम म्हणजे मोबाईलने फोटो काढा, समोरून, बाजूने, प्रत्येक पोर्ट दिसेल असे जवळून. काही बिघडलं तर निदान होतं तसं परत लावता येईल. आणि रिटर्नच्या घाईत हे काम काढू नका, जुलै आणि सप्टेंबर सोडून कुठलाही शनिवार दुपारनंतरचा घ्या, ऑफिस रिकामं असताना.

मग दोघं जण लागा. एकाने टेबलापाशी कॉम्प्युटरची वायर काढायची, दुसऱ्याने कपाटापाशी स्विचवर कुठला दिवा विझला ते बघायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा. दिवा विझला की तो पोर्ट त्या टेबलाचा. यात काहीच अवजार लागत नाही आणि चौदा टेबलं तासाभरात होतात. ज्या वायरींच्या दुसऱ्या टोकाला काहीच लावलेलं नाही त्यांच्यासाठी मात्र टोनर, म्हणजे वायर शोधायचं यंत्र, लागतो, एका टोकाला डबी लावायची आणि दुसरीकडे काडी फिरवायची, बरोबर वायरीपाशी आली की ती वाजते. आधी ती वायर स्विचमधून काढून घ्या, मग टोनर लावा. कुठल्याही नेटवर्कवाल्याकडे हा असतो, विकत घ्यायची गरज नाही.

आता लेबल. यावर मी हटून बसतो. दोन्ही टोकांना लेबल पाहिजे, एकाच टोकाला लावलेल्या लेबलचा उपयोग अर्धाही नाही. आणि लेबलवर माणसाचं नाव लिहू नका, माणसं जागा बदलतात, नोकरी सोडतात, मग तीन वर्षांनी कुणाला तरी प्रश्न पडतो की हे कुलकर्णी कोण. नंबर द्या, तोच नंबर टेबलाजवळच्या सॉकेटवर, तोच कपाटात, आणि नंबरांची यादी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मास्किंग टेपवर बॉलपेनने लिहिलेलं कपाटातल्या गरमीने एका उन्हाळ्यात गळून पडतं, म्हणून पर्मनंट मार्करने लिहा आणि वरून पारदर्शक टेप गुंडाळा.

ज्या वायरी मेल्यासारख्या वाटतील त्या लगेच कापू नका. स्विचमधून काढा, त्यावर 'बंद केली' आणि तारीख लिहा आणि दोन आठवडे तशीच लोंबू द्या. कुणी ओरडलं नाही तर मग काढून टाका. एकदा मी अशीच एक वायर निरुपयोगी समजून काढली आणि ती मागच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याची निघाली, चार दिवस रेकॉर्डिंग नव्हतं, ते अजून मनाला लागून आहे.

आवळण्याबद्दल एक. प्लास्टिकच्या केबल टायने जुड्या कचकचीत बांधतात, दिसायला छान दिसतं पण ते चुकीचं आहे. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी वेगवेगळ्या मापाने पिळलेली असते. पिळल्यामुळे बाहेरून येणारा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरकच वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालच्या पेटंटमधली, आणि आजही आपलं सगळं त्यावरच चाललंय. टाय आवळला की आतली पिळण दबते, जोड्या सरकतात आणि सिग्नल बिघडतो. वेल्क्रोची पट्टी वापरा, बोट आत जाईल एवढी सैल. तसंच टोकाला प्लग लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. यूपीएसच्या वायरी कपाटाच्या दुसऱ्या बाजूने न्या, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा.

जमलं तर पॅच पॅनल बसवून घ्या. भिंतीतली केबल पॅनलच्या मागे कायमची बसते, पुढून छोटी पॅच कॉर्ड स्विचला जाते, पुढे काहीही बदललं तरी फक्त ती छोटी कॉर्ड हलते.

आणि लेबलवर एवढा जोर का, तेही सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सोमवारी सकाळी सगळं नेटवर्क बंद, बिलिंग बंद, गेटवर ट्रक उभे. स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकतायत. रविवारी झाडताना टेबलाखाली लोंबणारी एक वायर कुणीतरी चांगल्या मनाने जवळच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवली होती आणि तिचं दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटमध्ये होतं. म्हणजे स्विचमधून निघालेली वायर परत त्याच स्विचमध्ये. नेटवर्कवर काही संदेश सगळ्यांना उद्देशून असतात, स्विच ते प्रत्येक पोर्टमधून पुढे पाठवतो, इथे ते फिरून परत आले, परत सगळीकडे गेले, आणि असे फिरत वाढतच गेले, त्यांना थांबवणारं काही नसतं. हा लूप टाळायची पद्धत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये बसवली, स्पॅनिंग ट्री म्हणतात तिला, पण साध्या स्वस्त स्विचमध्ये ती नसते. आम्हाला तो लूप शोधायला चार तास लागले, कारण ४० वायरी आणि एकीवरही नंबर नाही. नंबर असते तर दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. गेटवरच्या त्या ड्रायव्हर लोकांची अर्धी सकाळ फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : घणसोलीला राहतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे पण लॅपटॉपला वायर लावून टेस्ट केली तरी ९४ च्या पुढे जात नाही. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडून बरोबर येतंय.

ते खरं बोलत असतील. ९४ हा आकडाच निदान आहे, म्हणजे तुमच्याकडचं कनेक्शन १०० वर अडकलंय, वरचा थोडा भाग डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांमध्ये जातो. १०० च्या स्पीडला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या स्पीडला, आठही लागतात. बाकीच्या चारातली एक जरी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही तरी दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात, कुठलाही एरर येत नाही, म्हणूनच लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. आधी केबल बदलून बघा. तरी ९४ च आलं तर राऊटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का ते तपासा, जुन्या राऊटरमध्ये असतो.

केबल घेताना एक बघा, स्वस्तातल्या बऱ्याच केबलींमध्ये तांबं नसून वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, सीसीए म्हणतात. चाकूने तार खरवडली की आत पांढरी दिसते. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा लावला तर तापते. शुद्ध तांब्याचीच मागा.

आणि ३०० मिळाले तरी डाऊनलोडच्या खिडकीत सेकंदाला ३७ एमबीच्या आसपासच दिसेल, कारण प्लॅन बिटमध्ये असतो आणि फाईल बाइटमध्ये, आठाने भागायचं. त्यावरून भांडू नका.

प्रश्न : नेरूळ. राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे. मुलीचा ऑनलाइन क्लास आतल्या खोलीत असतो आणि तिथे सारखं अडकतं. बूस्टर घेऊ का?

ताई, आधी राऊटर टीव्हीच्या मागून काढा. टीव्हीच्या पाठीला धातू असतो, आणि आतल्या खोलीच्या वाटेत लोखंडी कपाट असेल तर ते दुसरी भिंतच झालं. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी, शक्य तितका घराच्या मध्ये ठेवा आणि मग दोन दिवस बघा. राऊटरचं वायफाय दोन फ्रिक्वेन्सींवर चालतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण भिंतीपलीकडे लवकर दमतं, २.४ लांब पोचतं पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं तिथेच असतं, त्यामुळे गर्दी. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, सेटिंगमध्ये जाऊन त्यातला कमी गर्दीचा निवडा.

बूस्टर मी सहसा सुचवत नाही, साधा बूस्टर ऐकलेलंच परत बोलतो त्यामुळे स्पीड बराच कमी होतो. त्यापेक्षा हॉलमधून आतपर्यंत पांढरी पट्टी मारून एक केबल न्या आणि तिथे दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावा. पोरीचा क्लास आहे, एकदा खर्च करून टाका.

प्रश्न : कळव्यात झेरॉक्सचं दुकान आहे. वायफाय प्रिंटर रोज सकाळी 'ऑफलाइन' दाखवतो, दरवेळी काढून परत जोडावा लागतो, गिऱ्हाईक उभं असतं.

प्रिंटर बिघडलेला नाहीये. राऊटर प्रत्येक यंत्राला आयपी नंबर देतो आणि रात्री सगळं बंद केल्यावर सकाळी वेगळा नंबर मिळू शकतो, कॉम्प्युटर मात्र प्रिंटरला जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे प्रिंटरला एक नंबर कायमचा देऊन टाका आणि एकदा शेवटचं जोडा. प्रिंटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर वेगळी गोष्ट, त्याचा अर्थ त्याला राऊटरकडून नंबर मिळालाच नाही, मग सकाळी राऊटर आधी चालू करा आणि दोन मिनिटांनी प्रिंटर.

प्रश्न : घोडबंदर रोड. फायबरच्या डबीवर लाल दिवा लागलाय, एलओएस लिहिलंय. घरी रंगकाम झालं तेव्हापासून.

एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल, प्रकाश पोचत नाहीये. फायबरमधली काच १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाड, तिला टोकदार बाक सहन होत नाही, रंगाऱ्याने ती खिडकीच्या ग्रिलला दुमडून बांधली असेल. ग्रिलपासून डबीपर्यंत हाताने चाचपत जा, कुठे मुडपली असेल तर सैल करून मोठा वळसा द्या. तरी लाल राहिला तर तुटलीय, माणूस बोलवा. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

प्रश्न : कोपरखैरणेतली आमची सोसायटी, चार मजली. गच्चीवरून शेजारच्या बिल्डिंगपर्यंत वीसेक वायरी लोंबतायत, निम्म्या कुणाच्या ते माहीत नाही. दर पावसाळ्यात एकदा तरी कुणाचा तरी राऊटर जळतो. सेक्रेटरी म्हणून मी काय करू शकतो?

तुम्ही विचारलंत याचंच बरं वाटलं, कारण हा त्रास जवळपास प्रत्येक सोसायटीत आहे आणि कुणी अंगाला लावून घेत नाही. राऊटर जळतात ते जास्त करून तांब्याच्या केबलमुळे. बिल्डिंगीबिल्डिंगीतून उघड्यावर तांब्याची केबल नेली की जवळपास वीज पडली तरी तिच्यात विजेचा दाब तयार होतो आणि तो सरळ घरातल्या पोर्टपर्यंत येतो. शिवाय अशा केबलचं अंतर १०० मीटरच्या आत असावं लागतं, आणि बाहेरच्या उन्हाने साधं आवरण तडकतं आणि आत पाणी शिरतं. काचेच्या फायबरमधून वीज जात नाही, म्हणून बिल्डिंगच्या बाहेरची लाईन फायबरचीच असावी, असा ठरावच सोसायटीच्या सभेत करून घ्या. आधाराला स्टीलची तार असलेलं फायबर असेल तर ती तार घरात आणायची नाही, बाहेरच कापायची.

मग जिन्यात नोटीस लावा, प्रत्येक कंपनीच्या माणसाने पंधरा दिवसांत आपल्या वायरीला कंपनीचं नाव आणि फ्लॅट नंबर असलेला टॅग बांधावा, दोन्ही टोकांना. मुदत संपली की बिनटॅगच्या वायरींचे फोटो काढून आणखी आठवडाभर नोटीस बोर्डवर ठेवा, कारण एखाद्या आजींचा फोन त्याच्यावर चालू असू शकतो, आणि एकट्या राहणाऱ्यांकडे स्वतः जाऊन विचारा. त्यानंतरच काढा. काढणारा माणूस कंपनीचा किंवा वायरमनच असू द्या, वॉचमनला कठड्यावर चढवू नका, लोंबणारी वायर कुठे विजेच्या तारेला टेकलीय ते खालून दिसत नाही.

नवीन कनेक्शन घेणाऱ्याला डक्टमधूनच, म्हणजे वायरींसाठी ठेवलेल्या बंद पोकळीतूनच, यायला सांगा, आणि डक्टची चावी देताना वहीत कंपनी, तारीख आणि फ्लॅट नंबर लिहून घ्या. हे सगळं मे संपायच्या आत उरकून घ्या, जूनमध्ये शेवाळलेल्या गच्चीवर कुणाला पाठवू नका.