अमेरिकेत वादळानंतर घरासाठी मिळालेल्या सरकारी अनुदानाचं ऑडिट कोण करतं? आक्षेप निघाला तर घरमालकाला पैसे परत करावे लागतात का?

हो, वसुली घरमालकापर्यंत येऊ शकते. मी अनुदानांच्या ऑडिटमध्येच काम करतो आणि या प्रश्नाने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पैसा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून, म्हणजे 'हड'कडून राज्याला मिळतो आणि राज्य तो वाटतं. तपासणी मुख्यतः हडचे महानिरीक्षक करतात. ते त्याच खात्यात असले तरी 1978च्या कायद्याने स्वतंत्र आहेत. शिवाय संसदेसाठी काम करणारं जीएओ आहे, साधारण आपल्या कॅगसारखं. महानिरीक्षक स्वतः वसुली करत नाहीत. ते आक्षेप काढून शिफारस करतात, निर्णय हड घेतं.

आता लुइझियाना राज्याचं बघा. 2005च्या कटरिना वादळानंतर तिथे 'रोड होम' योजना आली. घर जमिनीपासून उंच उचलण्यासाठी वेगळे 30,000 डॉलरपर्यंत मिळत, अट अशी की तीन वर्षांत घर उचलायचं. 2013मध्ये महानिरीक्षकांनी अहवाल दिला: सुमारे 24,000 घरमालकांनी घर उचललेलं नाही किंवा तसा पुरावा नाही, रक्कम जवळजवळ 70 कोटी डॉलर. पुढे राज्याने साधारण 3,500 जणांवर दावे लावले.

पण तो पैसा गेला कुठे? बऱ्याच जणांचा पडलेलं घर राहण्याजोगं करण्यात गेला, कारण मूळ अनुदानच पुरलं नव्हतं. वादळाआधीची बाजारभावाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जे कमी त्यावर ते ठरायचं. विटा-लाकूड सगळ्यांना सारख्याच भावाने, पण कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांच्या किमती कमी, म्हणून अनुदानही कमी. यावर 2008मध्ये खटला झाला, 2011मध्ये तडजोड झाली. घरमालकांवरचे दावे मात्र 2023च्या फेब्रुवारीत कुठे मागे घ्यायचं ठरलं.

आक्षेप कागदावर बरोबर होता; अटीखाली सही होती. तरी माझं ठाम मत आहे की अट मोडलेली दिसली की ती इतक्या हजारांनी का मोडली, हे ऑडिटरने त्याच अहवालात शोधायला हवं. वसुलीची शिफारस त्यानंतर.

तुम्ही स्वतः असं अनुदान घेतलं असेल, तर प्रत्येक पावती आणि कामाचे फोटो जपा. 'दुरुस्तीला वापरले तरी चालतील' असं आपल्याला तोंडी सांगितलं होतं, असं लुइझियानातल्या कित्येकांचं म्हणणं होतं. कुणी तसं म्हणालं, तर ते लेखी घ्या.