चिक चॉकलेटचा माग काढताना

मुंबईचा जाझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्याच्यावर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. सर्वात आधी वहीच्या पहिल्या पानावर खरं नाव लिही: अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. नुसतं टोपणनाव शोधत बसलास तर गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींत माणूस सापडणारच नाही.

मग जुनी वर्तमानपत्रं. बातम्यांपेक्षा हॉटेलांच्या जाहिराती बघ. अमेरिकन जाझवादक लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलात आला, तिथून पुढची वर्षं ओळीने चाळ. कुठला बँड, कुठलं हॉटेल, कुठली तारीख, सगळं टिपून ठेव. जाहिरात म्हणजे ठरलेला कार्यक्रम. तो झालाच असं धरू नकोस.

चोरबाजारात ७८ची (मिनिटाला ७८ फेरे फिरणारी जुनी) तबकडी मिळाली तर लेबलवरच थांबू नको. लेबलाशेजारच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, उजेडात तिरका धरून वाच. ध्वनिमुद्रणाचा क्रम त्यावरून लागतो, विक्रीच्या क्रमांकावरून नाही. मी पूर्वी ही गल्लत करून वर्षभराची यादी पुन्हा लिहिली आहे.

सिनेमाचं काम अवघड. ‘अलबेला’त (१९५१) चिक बँडसकट पडद्यावर दिसतो, सी. रामचंद्रांचा तो सहायकही होता. पण वाद्यमेळ कोणी बांधला हे तबकडीवर छापतच नसत. इथे कानच लागतात. त्याचा ट्रम्पेट रोज ऐक.

आणि धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांत (गावकऱ्यांनी चालवलेल्या राहायच्या क्लबांत) जा, म्हाताऱ्या वादकांना भेट. थोडी कोकणी शीक. हे आधी कर, कागद थांबतील.