वाचक विचारतात: सूर्यघड्याळ मागे का पडतं?

प्रश्न : पर्वरीला गच्चीवर सूर्यघड्याळ बसवलंय. फेब्रुवारीत ते मोबाइलच्या 49 मिनिटं मागे होतं, नोव्हेंबरात 18. सूर्याची स्थिती अचूक सांगणारं संकेतस्थळ सुचवाल का?

उत्तर : तुमचं घड्याळ अगदी बरोबर आहे! प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, पर्वरी 73.83 वर. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे पावणेपस्तीस मिनिटं इथेच गेली. उरलेला फरक कालसमीकरणाचा, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतल्या, वर्षभर बदलत राहणाऱ्या तफावतीचा. 11 फेब्रुवारीच्या आसपास सूर्य सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, 3 नोव्हेंबरच्या आसपास जवळपास साडेसोळा मिनिटं पुढे.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-महासागर संस्थेचं सोलर कॅल्क्युलेटर या कामाला पुरून उरतं. कालसमीकरण, क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला), दिगंश (सूर्याची दिशा, अंशांत), उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) सगळं मिळतं. चुका होतात त्या आकडे भरताना. त्यांच्या एक्सेल तक्त्यात ग्रीनिचपासूनचा वेळेचा फरक, साडेपाच तास, 5.5 असा लिहायचा, 5.3 लिहिलात की 12 मिनिटं चुकलात. त्यांच्या जुन्या पानावर पश्चिम रेखांश धन धरलाय, तिथे आपला रेखांश उणे टाकावा लागतो. काही साधनं दिगंश उत्तरेऐवजी दक्षिणेपासून मोजतात, तेही आधी पाहा.

उत्तर दिशा होकायंत्रानं ठरवू नका, स्लॅबमधल्या सळया सुई फिरवतात. त्यापेक्षा ओळंबा टांगा आणि ‘सोलर नून’च्या (सूर्य माथ्याच्या रेषेवर, सर्वांत उंच असतो त्या) वेळी दोरीची सावली जिथे पडेल तिथे रेघ मारा. हे काम डिसेंबरातच करा. तेव्हा मिनिटभराच्या चुकीनं रेघ अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सरकते; एप्रिलअखेर सूर्य डोक्यावर असताना तीच चूक कित्येक अंशांची होते.

प्रश्न : म्हापशाच्या घराच्या दक्षिण भिंतीवर सूर्यघड्याळ रंगवता येईल का?

उत्तर : येईल, पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून 10 ऑगस्टपर्यंत त्यावर ऊन पडणारच नाही. कॅल्क्युलेटरमध्ये 21 जून टाकून पाहा, दिगंश दिवसभर उत्तरेकडचाच दिसेल. आडव्या तबकडीचीही इथे अडचण आहे. 15.5 अक्षांशावर 12 आणि 1 च्या रेषांत जेमतेम 4.1 अंशांचं अंतर राहतं, त्यामुळे दुपारी मिनिटं वाचताच येत नाहीत. आम्ही विषुववृत्तीय घड्याळच सुचवू. शंकू (सावली पाडणारा दांडा) उत्तरेकडे 15.5 अंश उचललेला, तबकडी त्याला काटकोनात, तासाला सरळ 15 अंश. खुणा दोन्ही बाजूंना करा : मार्चअखेर ते सप्टेंबर ऊन वरच्या बाजूला असतं, नंतर खालच्या.