प्रौढ अर्बन फँटसीतल्या नायिका किशोर कादंबऱ्यांतल्या नायिकांपेक्षा भावनिकदृष्ट्या जास्त खोल असतात का?

खोली वयावर ठरत नाही, पण प्रौढ अर्बन फँटसीत, म्हणजे आजच्या शहरी जगात जादू घडते अशा मोठ्यांसाठीच्या कथांत, जखमेपाशी थांबायला जास्त जागा मिळते, असं मला वाटतं. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन घ्या. गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, कायोटीचं, म्हणजे लांडग्यासारख्या छोट्या रानटी प्राण्याचं, रूप घेणारी. २००८ च्या ‘आयर्न किस्ड’मध्ये तिच्यावर बलात्कार होतो आणि पुढच्या ‘बोन क्रॉस्ड’मध्येही ती त्यातून सावरतेच आहे. मधेच भीतीनं श्वास अडकतो, तरी पोटापाण्याचं काम सुटत नाही. ही रोजची ओढाताण मला फार खरी वाटते.

किशोर कादंबरीत बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडतात. पहिलं प्रेम, पहिला मृत्यू. म्हणून भावना टोकदार असतात, उथळ नव्हे. ‘हंगर गेम्स’ची कॅटनिस सुरुवातीला जेमतेम सोळाची. त्याच मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’मधली तिची अवस्था वाचून माझी अकरावीतली भाची गंगापूर रोडच्या टपरीवर चहा हातात धरून गप्प बसली होती. साय धरली चहावर. मग म्हणाली, “मावशी, ही पूर्ण बरी होतच नाही का गं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मर्सी वाचायची तर ‘मून कॉल्ड’ या पहिल्या पुस्तकापासून धरा, मधूनच नको.